मे महिन्याचा मुहूर्त

"वहिनी, तुमचं ते चेकिंग या वर्षी कधी आहे हो?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या जावेचा फोन आला. शुभेच्छा-बिभेच्छा सगळं एका दमात उरकून तिने हे विचारलं. मी ओट्याशी उभी राहून दुधावर नजर ठेवून होते. तिचा आवाज इतका मऊ होता की मला लगेच कळलं, हिला काहीतरी हवंय. गेल्या सात वर्षांत हिने माझ्या तब्येतीची चौकशी फुकट कधी केलेली नाही.

"का गं?" मी म्हटलं. "बरोबर येतेस का?"

"नाही हो, सहज."

सहज! दूध उतू गेलं, शेगडी भरली, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या 'सहज'मागे काय आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि तारीख काढायच्या आधी तिला बघायचं होतं की मी टिकतेय का.

कुणाला वाटेल, ही बाई प्रत्येकाच्या बोलण्यातून वाकडं काढते. काढते, नाही असं नाही. पण हे मी काढलेलं नाही. हे मी तिच्या तोंडून ऐकलंय.

सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली, केमो सुरू झाली. जावेच्या मुलाचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, डिसेंबरातलं. हॉलसुद्धा बघून ठेवला होता. एक दिवस ती हडपसरहून आमच्याकडे कर्वेनगरला मला भेटायला आली. येताना शहाळी आणली, माझ्या उशाशी बसून डोळे पुसले, आणि "पडा तुम्ही, मी चहा टाकते" म्हणून दार लोटून स्वयंपाकघरात गेली. आमच्या फ्लॅटच्या भिंती बिल्डरने बांधल्यात की नुसत्या रंगवल्यात, देव जाणे. तिने गुरुजींना लावलेला फोन मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"गुरुजी, जवळातली जवळची तारीख बघा. घरात आजारपण आहे. उद्या काही झालं तर वर्षभर कार्य अडकेल."

आमच्या सासरची रीतच आहे तशी. घरातलं माणूस गेलं की वर्षभर मंगलकार्य नाही. रीत मला माहीत होती, पण ती माझ्यावरून मोजायला घेतील असं कधी वाटलं नव्हतं. केस गेलेले, तोंडभर फोड, पण मी जिवंत होते हो! भिंतीपलीकडे पलंगावर पडलेली, चांगली जिवंत. आणि ही बाई माझ्या ओट्याशी उभी राहून, माझंच गॅस सिलिंडर जाळत, माझ्या मरणाच्या आत बसेल असा मुहूर्त शोधत होती. मग चहा घेऊन आली. मी तो प्यायले नाही.

डिसेंबरातलं लग्न मे महिन्यात आलं. भर उन्हाळ्यात, आयत्या वेळी मिळालेल्या एका लॉनवर. कूलर नुसते गरम वारा फेकत होते. मला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं होतं. डोक्यावर विग, आणि ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला घडी करून कोंबलेले दोन हातरुमाल. लोक अक्षता टाकून झाल्या की नवरा-नवरीकडे जायच्या आधी माझ्याकडे यायचे. हात हातात घ्यायचे, मान हलवायचे, पुढे सरकायचे. एक बाई तर पाया पडून गेली, माझ्याहून मोठी असून. मग जावेने फोटोग्राफरला हाक मारली. "वहिनींबरोबर सगळ्यांचा एक घ्या. आणि एक त्यांचा एकटीचा घ्या हो. जवळून, चांगला."

एकटीचा फोटो कशाला लागतो हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. आमच्या हॉलमध्ये सासूबाईंचा आणि सासऱ्यांचा, दोघांचे असेच जवळून काढलेले फोटो आहेत, चंदनाचे हार घातलेले. मी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि जीभ बाहेर काढली. फोटोग्राफर बिचारा "काकू, प्लीज" म्हणत राहिला. त्यानंतर जेवणात मी तोंडातल्या फोडांसकट जिलब्या खाल्ल्या, मागून मागून खाल्ल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, मी भावनावश झाले.

आणि मी मेले नाही.

तेव्हापासून दर वर्षी त्या लग्नाच्या वाढदिवसाला मी सकाळी सकाळी फोन करते. मुलाला नाही, सुनेला नाही, जावेला. "अभिनंदन," म्हणते. "मी बोलतेय. हो हो, अजून आहे." ती हसल्यासारखं करते आणि भाजी काय केली ते विचारते. आमचे हे पेपरच्या आडून म्हणतात, "पुरे आता. किती वर्षं तेच?" मी म्हणते, "माझ्या तपासण्या पुऱ्या झाल्या का? मग हेही नाही."

खरं सांगायचं तर मला तो राग हवाच होता. राग असला की भीती जरा मागे बसते. ही भीती काही रडत-भेकत येत नाही. ती मटार सोलताना येते. खोकला झाला की वाटतं, फुप्फुसात गेलं. डोकं दुखलं की मेंदूत. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा मला चार दिवस घास गेला नव्हता. चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, "चाळिशीनंतर होतं हो असं," तर मी त्याच्यावरच खेकसले. घरात 'परत' हा शब्द कुणी उच्चारत नाही. तपासणी जवळ आली की आमचे हे स्टूल घेतात आणि पंखे पुसायला लागतात. एरवी सांगून सांगून तोंड दुखलं तरी हलत नाहीत, पण त्या आठवड्यात आमच्या घरातले सगळे पंखे चकचकीत असतात. कुणी बोलत नाही. मी खाली उभी राहून स्टूल धरते.

या वर्षी नवरात्रापासून माझी पाठ दुखत होती. कमरेच्या जरा वर, एकाच जागी. माझ्या जातीचा कॅन्सर परत आला तर हाडांत येतो, हे मला माहीत होतं. सगळं वाचून बसलेय मी, डॉक्टर नको म्हणत असताना. बसस्टॉपवर उभी असताना, देवळात, भाजी घेताना, माझा अंगठा आपोआप त्या जागेवर जायचा आणि दाबून बघायचा. दुखतंय का? दुखतंय. आज कालच्यापेक्षा जास्त का? मी कुणाला काही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. उलट तपासणीची तारीख पुढे ढकलली. आधी नवरात्र म्हणून, मग कोजागिरी म्हणून. हॉस्पिटलमधली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, रीशेड्यूल करू का?" मी म्हटलं, कर बाई. आणि नेमका त्याच दिवसांत जावेचा हा 'सहज' फोन. दुखत्या जागेवर बोट ठेवायची तिला जन्मजात कला आहे.

मला मूलबाळ नाही. जावेची मुलगी लहानपणी प्रत्येक सुट्टी आमच्याकडे काढायची. तिच्या केसांत गजरा मी माळला, सायकल ह्यांनी शिकवली. आता पंचवीस-सव्वीसची आहे, आयटीत आहे, आणि अजून आली की फ्रीज उघडून उभी राहते. तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, तीन वर्षांपूर्वी गेले. सकाळी फिरायला गेले, बाकावर बसले आणि उठलेच नाहीत. कसलं आजारपण नाही, काही नाही. माझा फोटो काढून ठेवणाऱ्या बाईच्या भिंतीवर तिच्याच नवऱ्याचा फोटो लागला. मी तिचं वाईट चिंतलं होतं, रोजच्या रोज चिंतलं होतं, पण हे मागितलं नव्हतं.

कन्यादानाला जोडपं लागतं. बाई एकटी चालत नाही. ही रीत ज्याने काढली त्याला एकदा गाठायचंय मला. तर आता मुलीचं कन्यादान भाऊ-भावजयीने नको, थोरल्या काका-काकूंनीच, म्हणजे आम्हीच करायचं, असा तिचा हट्ट होता आणि तसं ठरलेलं होतं. उभ्या आयुष्यात ही एकच वेळ येणार होती माझ्यावर, मांडवात त्या पोरीचा हात हातात घेऊन बसायची. मला ती हवी होती. इतकी हवी होती की मी ती बोलूनही दाखवत नव्हते, न जाणो दृष्ट लागली तर.

कोजागिरीनंतरच्या रविवारी दोघी मायलेकी आमच्याकडे आल्या. गुरुजींनी मुलाकडच्यांना सोयीच्या अशा दोन तारखा काढून दिल्या होत्या, एक डिसेंबरातली आणि एक मेमधली.

"डिसेंबरच बरा," जाऊ म्हणाली. "शुभस्य शीघ्रम्."

"आई, डिसेंबरमध्ये आमचं रिलीज आहे, मला दोन दिवससुद्धा सुट्टी मिळणार नाही," मुलगी म्हणाली. "शिवाय त्याचा भाऊ एप्रिलशिवाय येऊ शकत नाही. मला मेच हवाय."

"मे लांब आहे गं." जावेने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर पोह्यांच्या बशीत घातली. "लांबच्या गोष्टीचं काय सांगता येतंय?"

माझी पाठ ठणकत होती. मी खुर्चीत सरळ झाले. "मे," मी म्हटलं. "मेच काढा."

"वहिनी, तुमचं चेकिंग होऊ दे की आधी. मग बघू."

"काकूच्या चेकिंगचा काय संबंध?" मुलीने विचारलं.  आमचे हे मान वर करून पंख्याकडे बघायला लागले. जाऊ बशा गोळा करून आत गेली, आणि मी तिच्या मागोमाग गेले.

"इथेच उभी होतीस तू," मी म्हटलं. "याच ओट्याशी, हातात फोन घेऊन. 'गुरुजी, जवळातली जवळची तारीख बघा. उद्या काही झालं तर वर्षभर कार्य अडकेल.'" मी तिचा आवाजही काढून दाखवला. मला चांगला जमतो, सात वर्षं सराव केलाय.

तिच्या हातातली बशी नळाखाली तशीच राहिली. "तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं. अजून ऐकतेय."

या क्षणाची मी किती वाट बघितली होती! मनातल्या मनात मांडे खाल्ले होते. ती कानांवर हात ठेवेल, 'छे हो, मी असं कशी म्हणेन' म्हणेल, आणि मग मी तिला सोलून काढीन. पण ती तसं काही म्हणालीच नाही.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "माझ्या आईला हेच होतं, वहिनी. ती बरी झाली की करू, ती बरी झाली की करू, असं करत माझं लग्न दोनदा पुढे ढकललं. ती काही बरी झाली नाही. मग वर्षभर थांबून लग्न झालं, आणि त्यात आई नव्हती." तिने नळ बंद केला. "तुम्ही लग्नाला हव्या होत्या मला. आणि कार्य अडकायला नको, हेही होतं. दोन्ही होतं. खोटं कशाला बोलू?"

आता इथे मी तिला मिठी मारली असेल असं कुणाला वाटत असेल तर नाही मारली. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत तिने आईबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं आणि रागही होता तसाच राहिला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तशातली मी.

"आणि माझा एकटीचा फोटो? तो कशाला काढून ठेवला होतास?"

"तो?" ती नाक ओढत म्हणाली. "त्यात तुम्ही जीभ काढलीय. तो कुठे लावणार?"

मला हसू येत होतं. मी येऊ दिलं नाही.

"मे खरंच लांब आहे, वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर कन्यादान कोण करणार?"

"तू."

"मी? एकटी?"

"हो, एकटी. नऊ महिने पोटात कुणी वागवली तिला, गुरुजींनी? लोक काय बोलायचं ते बोलतील, जेवून घरी जातील. पण तशी वेळ येणार नाही, कारण मी असणार आहे. तू मे काढ. आणि आता रोज सकाळी उठून देवापुढे दिवा लाव, की माझी जाऊ जगू दे. माझ्या मरणाची सोय बघत होतीस ना? आता मी जगावं म्हणून झुर. मेपर्यंत झुर."

 तिने बशा विसळून पालथ्या घातल्या आणि पदराला हात पुसत बाहेर गेली. मी मागे राहिले. ओट्यावर ठेवलेला हात मला काढता येईना, कारण तो काढला तर पाठ सरळ राहील याची खात्री नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला! मेच्या बाता मारत होते, आणि ऑक्टोबरची तपासणी करायची हिंमत नव्हती. सूड घेताना जोर फार चढतो, तो उतरल्यावर कळतं आपण काय बोलून बसलो. आता मला जगावंच लागणार होतं, निदान हिच्या नाकावर टिच्चून तरी.

सोमवारी सकाळी मीच हॉस्पिटलला फोन लावला. मग ह्यांना पाठीचं सांगितलं. ते स्टूलवर होते. खाली उतरले, फडकं धुतलं, वाळत घातलं, आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. तू सारखी मागे हात नेतेस."

हाडांचा स्कॅन म्हणजे आधी सुईतून औषध देतात आणि ते अंगभर पसरायची वाट बघत तासन्‌तास बसवून ठेवतात. समोर टीव्हीवर आवाज बंद करून स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. मी मनात म्हणत होते, परत आलास तर बघ. एक बाजू दिलीय, केस दिलेत, चव दिलीय, अजून काय पाहिजे मेल्या तुला? त्या पोरीचं कन्यादान करू दे, मग ये, मी दारातच उभी राहीन. आणि लगेच वाटलं, नाही, मगही येऊ नकोस. मी इतकी घाबरले होते की मशीनवर झोपवल्यावर त्या मुलाला मला दोनदा सांगावं लागलं, "काकू, श्वास घ्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत बसले. नको तितका वेळ बघत बसले.

"पाठीचं म्हणाल तर झीज आहे," ते म्हणाले. "मणक्यांची. वयोमानानुसार."

"म्हणजे?"

"म्हणजे काकू, वय झालं."

एरवी मला असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. मी म्हटलं, "परत एकदा म्हणा." ते हसले आणि परत म्हणाले. आमच्या ह्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, पुसतच बसले. वय झालं! आमच्या सोसायटीतल्या बायका केस रंगवून, गुडघ्यांना पट्टे बांधून हे शब्द चुकवत फिरतात, आणि मला वाटत होतं, या शब्दांची पाटी करून दारावर लावावी.

"फक्त एका जागी जरा..." डॉक्टर पुन्हा स्क्रीनकडे वळले. "तीही बहुतेक झीजच आहे. पण एप्रिलमध्ये परत एकदा बघून घेऊ."

बहुतेक. पण. एप्रिल. रिक्षात बसल्यावर मी बाजूचा दांडा घट्ट धरला. ह्यांनी विचारलं, "आनंद झाला ना?" मी म्हटलं, "झाला." झाला होता. आणि एप्रिल संपला की मे लागतो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

जावेचे फोन येत होते. मी दोन दिवस उचलले नाहीत. राहू दे की जरा गॅसवर, म्हटलं. तिसऱ्या दिवशी उचलला.

"वहिनी, अहो काय म्हणाले?"

"म्हातारी झालेय म्हणाले."

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "देवा," ती म्हणाली. "दिव्याची वात बोटांना लागून लागून माझी बोटं काळी झाली." मग म्हणाली, "हॉल घेतलाय मेचा."

"कधी घेतलास?"

"त्या रविवारीच. तुमच्याकडून निघालो ते घरी जाताना."

 रविवारी. तेव्हा रिपोर्ट कसला, तपासणीसुद्धा झाली नव्हती. कुणालाच काही माहीत नव्हतं, मलाही नाही, आणि ही बाई वाटेत रिक्षा थांबवून मेचा हॉल घेऊन मोकळी झाली होती. तिला छळायचं म्हणून मी काय काय योजून ठेवलं होतं! त्यातलं मला तेव्हा काही म्हणजे काही आठवेना. भयंकर राग आला मला तिचा.

"एप्रिलमध्ये परत बोलावलंय," मी म्हटलं. "बहुतेक काही नाही म्हणाले. बहुतेक."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज जरा हलला, मग तिने तो सावरला. "तुमचा शालू आत्ता घेऊन ठेवू. ब्लाउजचं मात्र एप्रिलनंतर बघू, म्हणजे तेव्हाचं माप..."

"ब्लाउजही आत्ताच शिवायचा," मी म्हटलं. "आणि शिंप्याला सांग, शिवणीत आत भरपूर कापड सोड म्हणावं. मेपर्यंत मी जाड होणार आहे."

"किती जाड?"

"तुझ्याएवढी."